बारा लाखांत कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी? इंदूरच्या गॅरेजमधून उत्तर

ताई, तुम्ही विचारलंत ते आधी एकदा मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. घर राजेंद्रनगरला, यजमानांची बँक विजयनगरला, रोजचं जाणं-येणं पंचवीस किलोमीटर. घरात पाच माणसं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वर्षातून तीन-चारदा नाशिकला माहेरी. ऑन-रोड १२ लाखांपर्यंत तयारी आहे आणि गाडी दहा वर्षं ठेवायची आहे. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा यांत टिकाऊ कोण, दमदार कोण, पैसे वसूल कुठे, आणि ऑटोमॅटिक घ्यावी का.

अठ्ठावीस वर्षं मी नवलखाजवळ गॅरेज चालवतो आहे आणि यातल्या प्रत्येक कंपनीची गाडी माझ्याकडे लिफ्टवर चढलेली आहे. तुमच्यासाठी माझं उत्तर असं: चार सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन घ्या. त्याला मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी; ही काय यंत्रं आहेत ते पुढे सांगतो. आधी ही जोडी पक्की करा, मग ती कोणत्या कंपनीकडे तुमच्या पैशांत मिळते ते बघा. बहुतेक लोक उलटं करतात. कंपनी ठरवून शोरूममध्ये शिरतात आणि सेल्समन पुढे करेल ते इंजिन घेऊन घरी येतात.

कंपनी मागे आणि इंजिन पुढे का ठेवतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल तुम्हाला नावाने माहीत नसेल, पण त्यात तुम्ही नक्की बसला आहात. १२४८ सीसी, ताकद ७५ पीएस, ओढ (टॉर्क) १९० न्यूटन मीटर. मारुतीने ते स्विफ्ट डीडीआयएसमध्ये लावलं, टाटाने क्वाड्राजेट म्हणून इंडिका व्हिस्टामध्ये, फियाटने जरा जास्त दमाचं करून स्वतःच्या लिनियामध्ये. मूळ इंजिन एकच, बिल्ले तीन. बाजारात मात्र एकाला ‘कधी बिघडत नाही’ म्हणायचे आणि दुसऱ्याकडे बघून तोंड वाकडं करायचे. माझ्याकडे या इंजिनाच्या दोन गाड्या एकाच महिन्यात आल्या होत्या. एक तीन लाख किलोमीटर चाललेली, इंजिन तोवर उघडलेलंच नाही. दुसरी नव्वद हजारांची, सकाळी सुरू केली की पुढच्या बाजूने खडखड आवाज. टायमिंग चेन सैल झालेली. कोणती गाडी कोणत्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण फरक कंपनीत नव्हताच. या इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर त्याच ऑइलच्या दाबावर चालतो. पहिल्या मालकाने दर दहा हजारांना ऑइल बदललं होतं. दुसऱ्याने ‘अजून काळं कुठे झालंय’ म्हणत वीस-बावीस हजारांपर्यंत ओढलं. मी चेंबर उघडलं तेव्हा तळाशी डांबरासारखा थर बसलेला होता, बोटाने खरवडून काढावा असा.

आजही हीच गोष्ट चालू आहे. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच; बंपर, जाळी आणि बिल्ला वेगळा. ‘टोयोटा म्हणजे टिकाऊ’ या विश्वासावर कोणी ग्लान्झा घेतली तर त्याला गाडी चांगलीच मिळेल, पण ते इंजिन सुझुकीचं असेल. टोयोटाचं जे नाव झालं ते २००५ साली आलेल्या इनोव्हाने केलं, आणि ती तुमच्या बजेटमध्ये येत नाही.

आणखी एक अडचण समजून घ्या. जर्मनीत ट्यूव्ह या संस्थेच्या सक्तीच्या वाहन-तपासणीतून कोणत्या मॉडेलमध्ये किती वर्षांनी किती दोष निघतात त्याचे आकडे दरवर्षी छापून येतात. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती तसं काही पडत नाही. म्हणून ‘अमुक कंपनी सर्वांत विश्वासार्ह’ असं कोणी टक्केवारीसकट सांगितलं, तर ती कुठून आणली ते विचारा.

आता डिझेलबद्दल. तुमचे यजमान डिझेलकडे झुकले आहेत असं तुम्ही म्हणालात. हिशेब करू. रोजचे पंचवीस आणि नाशिकच्या फेऱ्या धरून वर्षाचे साधारण बारा हजार किलोमीटर होतील. त्यातले आठ हजार शहरात. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरलं, आणि शहरात-हायवेवर जो ॲव्हरेज खरोखर पडतो तो धरला, तर डिझेलमध्ये वर्षाला वीस-एकवीस हजार वाचतील. त्याच व्हेरिएंटची डिझेल गाडी लाखभराने महाग पडते. म्हणजे पाच वर्षं नुसते जास्तीचे पैसे वसूल करण्यात जातील. दहा वर्षं ठेवणार आहात म्हणून तरीही फायदा दिसतो, पण एका गोष्टीमुळे मी तुम्हाला डिझेल घेऊ देणार नाही.

बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला २०२० च्या एप्रिलमध्ये. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी आली. ती काजळी अडवून धरते आणि भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल फवारून ती तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला सलग वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालावी लागते. गेल्या वर्षी मल्हारगंजातला एक दुकानदार गाडी घेऊन आला. घर ते दुकान चार किलोमीटर, त्यात राजवाड्याची गर्दी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. मी सवयीप्रमाणे आधी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. पुसून पुन्हा घातली, तेवढंच. दोन बोटांत चोळलं तर ऑइलसारखं चिकट लागेना, पाण्यासारखं पातळ, आणि वासाला चक्क डिझेल. तो म्हणाला, “भिया, ऑइल बढ़ कैसे गया?” जळण्याचं काम दर वेळी सुरू व्हायचं आणि हा चौथ्या किलोमीटरला चावी बंद करायचा. फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ ऑइल घेऊन गाडी हायवेला लागली असती तर बेअरिंग गेलेच असते. ती गाडी कोणत्याही कंपनीची असती तरी हेच झालं असतं. तुमचे यजमान राजीव गांधी चौराहा, भंवरकुआं, नवलखा, गीता भवन, पलासिया, एलआयजी असे थांबत थांबत विजयनगरला पोचणार. त्या रस्त्यावर डीपीएफला हवा तसा मोकळा वेळ सापडत नाही. रोज देवासला किंवा पीथमपूरला बायपासने जाणारं कोणी असतं तर मी स्वतः डिझेल सुचवलं असतं.

गिअरबॉक्सवर जरा जास्त बोलतो, कारण दहा वर्षांचा खर्च इथेच ठरतो. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला मोटर बसवलेली. स्वस्त, ॲव्हरेजही छान, पण क्लचप्लेट तीच आणि तिची झीजही तीच. उलट चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की ती लवकर जळते, आणि ही खोड आपल्याकडे सर्रास आहे. खंडवा रोडच्या सिमरोल घाटात ट्रकच्या मागे असं धरून बसणाऱ्या गाड्यांची जळकी क्लचप्लेट मी वासावरून ओळखतो. त्यातल्या त्यात बरं हे की ते काम साधारण दहा-बारा हजारांत उरकतं.

डीसीटी म्हणजे दोन क्लच. चालवायला यांच्याइतकं सुख नाही, हायवेवर तर लोणी. पण काहींचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात, आणि इंचाइंचाने सरकणाऱ्या गर्दीत ते तापतात. वॉरंटी संपल्यावर त्यांचं काम निघालं की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्या, शहरात चालवणाऱ्या घराला मी डीसीटी सुचवत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, घासणारी प्लेट नाही. म्हणून कितीही थांबा-चाला केलं तरी तो थकत नाही. थोडं पेट्रोल जास्त पितो, एवढंच. सीव्हीटीमध्ये पट्टा दोन पुल्यांवर फिरतो. एकदम पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडल्यासारखं वाटतं, पण शांतपणे चालवणाऱ्याला उत्तम. दोन्हींत एकच पथ्य: गिअरबॉक्सचं तेल ठरल्या किलोमीटरला बदलायचं, आणि ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही.

दमाबद्दल. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे गाड्या काय वेगाने पळतात ते वाचून मजा येते. तुमच्या कामाची परीक्षा मात्र नाशिकच्या वाटेवरच्या बिजासन घाटात आहे. सेंधव्याच्या पुढे, पाच माणसं, मागे सामान, मे महिना, एसी चालू. तिथे टर्बो पेट्रोल खरोखर उजवं ठरतं. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर देतं, आणि ही ओढ अठराशे आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपासच मिळायला लागते. मारुती ब्रेझाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल १०३ पीएसचं, १३७ न्यूटन मीटर, तेही चार हजारांच्या वर गेल्यावर. म्हणजे ब्रेझाला घाटात तिसऱ्यात आणावं लागेल, कधी दुसऱ्यात. ह्युंदाईच्या व्हेन्यूचं १.२ तर ८३ पीएसचंच आहे, पाच माणसांत ते आणखी दमेल. हे लपवण्यासारखं नाही. पण वर्षातून चार वेळा येणाऱ्या दोन घाटांसाठी रोजच्या गाडीत टर्बो, इंटरकूलर, त्यांचे पाइप आणि सेन्सर वाढवून घ्यायचे का, हा प्रश्न आहे. माझं उत्तर तुमच्यासाठी ‘नाही’ असं आहे. यजमानांनी घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायची, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घालायची शिस्त पाळली, तर टर्बोही दीड-दोन लाख किलोमीटर सहज जातो. ती शिस्त दहा वर्षं टिकते का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता कंपन्यांबद्दल माझं मत. मारुतीचा जोर सुट्या भागांत आहे. सेंधव्याला गाडी थांबली तरी तिथल्या मेकॅनिकला ती उघडता येते आणि पार्ट संध्याकाळपर्यंत येतो. नाशिकच्या रस्त्यावर रात्री नऊला पाणी गळायला लागलं की या गोष्टीची किंमत कळते. ह्युंदाईची साधी पेट्रोल इंजिनं अतिशय गुळगुळीत आणि आतलं काम नीटनेटकं. आत बसल्यावर पैसे कुठे गेले ते दिसतं. होंडाचं आय-व्हीटेक हे माझ्या हातून गेलेल्या पेट्रोल इंजिनांत सर्वांत समजूतदार. अमेझमधलं १.२ चार सिलिंडरचं, ९० पीएसचं आहे आणि सीव्हीटीशी त्याची जोडी छान जुळते. महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ दमाला उत्तम, १११ पीएस आणि २०० न्यूटन मीटर, पण तीही तीन सिलिंडर टर्बोच. टाटाचं सस्पेंशन मला मनापासून आवडतं. पावसाळ्यात आपल्याकडे काळ्या मातीने रस्ता खचतो आणि मेट्रोच्या खोदकामाने जे काय होतं ते तुम्ही बघताच. तिथे नेक्सॉन जशी खड्डा गिळते तशी या किमतीत फार कमी गाड्या गिळतात.

सुरक्षेतही टाटाचं ऋण मानलं पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. त्याआधी माझ्याकडे येणारं एकही गिऱ्हाईक तारे विचारत नसे. मग २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं, आणि २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरनेही ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे घेतले. तारे बघताना ते कोणत्या साली आणि कोणत्या पिढीच्या मॉडेलला मिळाले ते बघा. जुन्या मॉडेलचे तारे नव्याला लागू होत नाहीत. ग्लोबल एनकॅपच्या अहवालात ‘बॉडीशेल स्टेबल’ की ‘अनस्टेबल’ असं लिहिलेलं असतं, ते तर ताऱ्यांइतकंच नीट वाचा. बघितलेल्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) नसेल तर सनरूफचा मोह सोडा, इंजिन तेच ठेवा आणि तो व्हेरिएंट घ्या ज्यात या दोन्ही आहेत. मागच्या सीटवर सासूबाई-सासरे बेल्ट लावतील याचीही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

किमतीत एक गंमत आहे, ती माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४०. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. नेक्सॉन, व्हेन्यू, ३एक्सओ, अमेझ १८ टक्क्यांत. म्हणजे साध्या मोठ्या इंजिनासाठी तुम्ही सरकारला जास्त देता. मला हे पटत नाही, पण हिशेबात धरावंच लागतं.

पैसे वसूल होतात की नाही, ते शोरूमच्या कोटेशनवरून कळत नाही. दोन ठिकाणी जा. पहिलं, त्या कंपनीचं इंदुरातलं सर्व्हिस सेंटर, शनिवारी सकाळी अकराला. गाडी द्यायला आलेल्या चार-पाच लोकांशी बोला: सांगितलेल्या वेळेला गाडी मिळते का, बिल आधी सांगितलं तेवढंच येतं का, एकच तक्रार घेऊन कितव्यांदा आलात. दुसरं, पार्ट्सचं काउंटर. तिथे पाच वस्तूंचे भाव लिहून घ्या: पुढचा बंपर, एक हेडलाइट, एक साइड मिरर, पुढचे ब्रेक पॅड, क्लच सेट. ज्या व्हेरिएंटला एलईडी हेडलाइट आहे त्याचा आणि साध्या हॅलोजनवाल्याचा भाव शेजारी शेजारी लिहा, मग टॉप मॉडेलचा मोह आपोआप कमी होतो. इंदुरात रिक्षा आणि मोपेड हेडलाइटच्या कोपऱ्यालाच लागतात.

कंपनी भारतात टिकेल का, हाही पैशांचाच प्रश्न. शेव्हर्लेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करायची घोषणा केली. गाड्या चांगल्या होत्या, इंजिनं दणकट होती. पण घोषणेच्या दुसऱ्या दिवशीपासून जुन्या बाजारात भाव कोसळले. तुमच्या यादीतल्या सहाही कंपन्यांबाबत ही भीती वाटण्यासारखी नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तर निवड. मॅन्युअल चालणार असेल तर ब्रेझा, मधला व्हेरिएंट. चार सिलिंडर, टर्बो नाही, सीट उंच, आणि नाशिकपर्यंत कुठेही दुरुस्ती. ऑटोमॅटिक हवीच असेल तर त्याच गाडीत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. रोड टॅक्स आणि विमा धरून तो बारा लाखांत बसतो का ते कोटेशन घेऊनच बघा. नाही बसला तर अमेझ सीव्हीटी. पण अमेझ सेडान आहे, सीट खाली आहे. म्हणून बुकिंगच्या आधी सासूबाईंना घेऊन जा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यांना तीनदा बसायला आणि उतरायला सांगा. तिसऱ्यांदा उतरताना त्या दाराचा आधार घेतात का, गुडघ्यावर हात ठेवतात का, ते बघा. त्या हो म्हणतील ती गाडी. तारे आणि सस्पेंशन तुम्हाला सर्वांत आधी महत्त्वाचं वाटत असेल तर नेक्सॉन पेट्रोल मॅन्युअल घ्या. मी अडवणार नाही, फक्त टर्बोची पथ्यं वर सांगितली तशी पाळा. हायब्रिडचा (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा) ॲव्हरेज तुमच्या रस्त्यावर सर्वांत छान पडला असता, पण टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराचं हायब्रिड तुमच्या बजेटच्या बरंच वर आहे आणि वर्षाच्या बारा हजार किलोमीटरमध्ये तो फरक भरून निघणार नाही. कर्ज वाढवून ते घेऊ नका.

गाडी ठरली की पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जाऊन तीच गाडी बघा जी तुम्हाला मिळणार आहे. चासी नंबरवरून कोणत्या महिन्यात बनली ते लिहून घ्या. चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा, नाहीतर सूट मागा. पाचही टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष; पाचही जवळपास सारखे असले पाहिजेत. बोनेट उघडून बॅटरीची तारीख बघा. मग गाडी अर्धा तास सुरू ठेवा, एसी लावा, आणि खाली वाकून टॉर्चने बघा: एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नाही, हिरवट किंवा गुलाबी थेंब दिसला तर तो कुलंट आहे, तिथेच थांबा आणि सही करू नका. दिवसा जा, रात्री नको. रंगाचा फरक ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही.